आजारी सरडगुहिऱ्याची शुश्रूषा



‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आपण उठता-बसता वापरतो. परंतु त्या कुंपणावर राहणाऱ्या एका गरीब जिवाकडे निरखून पाहण्याची सवड आपणांपैकी फारच थोड्यांना होते. साध्या सरड्याहून हा निराळा. त्यास सरडगुहिरा म्हणतात. पुष्कळ गावी त्याला घोयरा असेही नाव आहे. हिरवा अंगरंग, डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंचवटा, गुंडाळलेली शेपटी आणि स्वतंत्रपणे फिरणारे दोन डोळे, एवढ्या खुणांवरून तो कोणासही ओळखता येईल. आज त्याच्याविषयी लिहिण्याचे कारण खानापूर तालुक्यातील एका मातेचे पत्र.

ती भगिनी लिहिते की, तिच्या नऊ वर्षांच्या मुलाने उसाच्या बांधावरून एक सरडगुहिरा घरी आणला, जाळीच्या खोक्यात ठेवला, आणि तीन आठवडे नाकतोडे पकडून मोठ्या प्रेमाने पोसला. आता तो प्राणी दिवसाही डोळे मिटून असतो, खातपीत नाही व खोक्याच्या तळाशी पडून राहतो. “सासूबाई म्हणतात, विषारी आहे, बाहेर फेका. मुलगा रडतो आहे. आम्ही वाटीत पाणी ठेवले, चमच्याने साखर-दूध पाजले. आणखी काय करावे?” पत्र हाती पडताच आम्ही उत्तर धाडले. तथापि असा प्रसंग अनेक घरी येत असल्यामुळे ते उत्तर येथे जरा विस्ताराने देत आहोत.

प्रथम भीतीविषयी. सरडगुहिरा विषारी नाही. त्याच्या दातांत विष नाही, फूत्कारात नाही आणि लाळेतही नाही. घाबरला म्हणजे तो अंग फुगवितो, तोंड उघडतो, क्वचित चावतोही. त्या चाव्याने चिमटा बसेल, अधिक काही नाही. त्याला पाहताच काठी उचलणे हे निव्वळ अज्ञान होय.

दुसरी गोष्ट त्याच्या रंगाची. रंग बदलणारा म्हणून आपण त्याला कपटी ठरविले आहे. वास्तविक त्याचा रंग हीच त्याची भाषा. थंडी, ऊन, राग, भय, जोडीदाराची भेट, हे सारे तो कातडीवर मांडतो. २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी मादागास्करमधील त्याच्या एका भाऊबंदाची कातडी तपासून दाखविले की, तिच्या पेशींत अतिसूक्ष्म स्फटिक असतात. प्राणी शांत असता ते दाटीने बसतात व उत्तेजित होताच एकमेकांपासून दूर होतात; त्यामुळे परावर्तित होणारा प्रकाश बदलतो आणि आपणांस रंग बदललेला दिसतो. म्हणजे मनातले लपविण्याऐवजी तो ते उघडच करितो. एकच गोष्ट मात्र तो अखेरपर्यंत लपवितो, आणि ती म्हणजे आपले दुखणे. दुबळा दिसला की पक्षी व साप झडप घालणार, हे त्याच्या रक्तातच आहे. म्हणून तो आजारी असल्याचे आपल्या ध्यानात येते तेव्हा आजार बहुधा पुष्कळ जुना झालेला असतो. त्या मातेने हे विशेष लक्षात घ्यावे. कालपर्यंत बरा होता आणि आज अचानक बिघडला, असे सहसा घडत नाही.

मग आजार ओळखावा कसा? निरोगी सरडगुहिरा दिवसा डोळे मिटत नाही. भर दुपारी तो डोळे मिटून बसला तर ती धोक्याची पहिली खूण समजावी. डोळे खोल गेले असतील तर अंगातील पाणी आटले आहे. त्याच्या विष्ठेबरोबर खडूसारखा एक भाग पडतो. तो पांढरा असावा. पिवळा वा नारिंगी पडू लागला तर तोही पाणी कमी पडल्याचा पुरावा होय. असे दिवस लांबले की मूत्रपिंडे निकामी होतात. मान वर करून तोंड उघडे ठेवून श्वास घेत असेल, तोंडाशी फेस येत असेल, तर छातीचा विकार समजावा. पाय वाकडे झाले, फांदीवरची पकड सुटू लागली, जबडा मऊ लागला, तर हाडे दुबळी झाली आहेत. हा शेवटचा आजार आपल्या ओळखीचा आहे. लहान मुलांना मुडदूस होतो, त्याचाच हा प्रकार. उघड्यावर राहणाऱ्या प्राण्याला सूर्यप्रकाश मिळतो, त्यातून त्याच्या अंगी ड जीवनसत्त्व तयार होते व अन्नातील चुना हाडांत मुरतो. घरातल्या कोपऱ्यात ठेवलेल्या खोक्यात तो प्रकाश कोठून येणार? शिवाय नुसत्या नाकतोड्यांत चुना अल्पच असतो.

आता पाण्याविषयी, कारण बहुतेक घरी चूक येथेच होते. वाटीत साठलेले पाणी हे पाणी आहे, हे सरडगुहिऱ्याला सहसा उमगत नाही. दव किंवा पाऊस पानावर पडून थेंब लकाकू लागला म्हणजे तो जीभ लावून पितो. भरल्या वाटीशेजारी तो तहानेने मरेल! घरच्या मंडळींचा हेतू चांगला असतो, पाणीही ठेवलेले असते. पण ते त्याच्या रीतीने दिलेले नसते.

तेव्हा असा आजारी प्राणी दृष्टीस पडला तर पुढील क्रमाने वागावे. त्याला खोक्यातून काढून एखाद्या डेरेदार झुडपावर, निम्मे ऊन व निम्मी सावली असेल अशा जागी ठेवावे, म्हणजे त्याला हवी ती जागा तो स्वतः निवडील. मांजर व कोंबड्या दूर ठेवाव्यात. पकडताना शेपटीला धरू नये. पालीची शेपटी तुटून पुन्हा येते, याची येत नाही. पायांची पकड चिमट्यासारखी घट्ट असते, ती ओढून न काढता त्याच्यापुढे फांदी धरावी, म्हणजे तो आपण होऊन तीवर चढेल. मग डोक्याच्या जरा वर असलेल्या पानांवर स्वच्छ पाणी थेंबाथेंबाने, सावकाश, बराच वेळ पडू द्यावे. पाच मिनिटांत प्याला नाही म्हणून निराश होऊ नये. तोंड उघडून पाणी ओतणे मात्र सर्वथा टाळावे. श्वासनलिकेचे तोंड जिभेपाशीच असते, त्यामुळे पाणी छातीत जाते. दूध, साखर, भात यांतील काहीही देऊ नये. हा कीटक खाणारा प्राणी आहे, दूध त्याला पचत नाही. अशक्त व कोरड्या पडलेल्या प्राण्याला बळेच खाऊ घालणेही घातकच. आधी पाणी, नंतर अन्न. फवारणी झालेल्या शेतातील किडे तर मुळीच नकोत. आणि सर्वांत कठीण गोष्ट ही की, त्याला हाताळू नये. मुलाला वाटते, आपण कुरवाळले म्हणजे त्याला बरे वाटेल. त्या प्राण्याला मात्र प्रत्येक हात हा शत्रूचाच हात वाटतो.

एवढे करीत असतानाच वन खात्याच्या जवळच्या कचेरीत कळवावे, व त्यांच्या सल्ल्याने गुरांच्या दवाखान्यातील डॉक्टरांना दाखवावे. हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सरडगुहिऱ्यास संरक्षण आहे. त्याला पकडणे व घरी पाळणे हा गुन्हा होय. येमेन व मादागास्कर येथील त्याचे भाऊबंद युरोप-अमेरिकेत हौसेने पाळले जातात, हे खरे. परंतु तेथे त्यांच्यासाठी मोकळ्या हवेचे जाळीचे पिंजरे, सूर्यकिरणांची उणीव भरून काढणारे खास दिवे आणि पाण्याचे थेंब पाडणारी यंत्रे असतात. एवढा सरंजाम असूनही त्यांची पुष्कळशी दुखणी पाणी, प्रकाश व आहार यांतील चुकांमुळेच होतात. मग आपल्या लाकडी खोक्याची काय कथा?

त्या भगिनीने आमचे पत्र मिळताच तसे केले. वन खात्याचा माणूस येऊन प्राणी घेऊन गेला, तालुक्याच्या डॉक्टरांनी उपचारही केले. पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी तो मेल्याचा निरोप आला. मुलगा तेव्हा शाळेत होता. आईने पुन्हा लिहिले, “मुलाला काय सांगू? बरा झाला, रानात सोडला, असे सांगितले तर तो आनंदाने झोपेल. सांगू का?”

आईच्या मायेने सुचविलेला हा मार्ग आम्हांस समजतो. तरी आमचा सल्ला ‘नाही’ असाच आहे. मुलाला खरे सांगावे. संध्याकाळी, जेवणापूर्वी, त्याला जवळ बसवून, साध्या शब्दांत सांगावे की तो मेला. ‘तूच मारलास’ असे चुकूनही म्हणू नये, कारण ते खरे नाही. आणि ‘तुझा काही संबंध नाही’ असेही म्हणू नये, कारण तेही खरे नाही. त्याने मनापासून जीव लावला. पण ज्याला जीव लावला त्याची रीत त्याला माहीत नव्हती, आणि त्या मुक्या जिवाने आपले दुखणे कोणाला कळू दिले नाही. हे तिन्ही त्याला सांगावे. मूल रडेल. रडू द्यावे. आज खोटी गोष्ट ऐकून तो निजला, तर उद्या दुसऱ्या बांधावरून दुसरा सरडगुहिरा त्याच खोक्यात येईल. आणि पुढे कधी सत्य कळले, तर आईच्या शब्दावरचा त्याचा विश्वास कमी होईल. नऊ वर्षांच्या मुलाला दुःख सोसत नाही असे आपण समजतो. आपल्या अनुभवाने आम्ही म्हणतो, त्याला दुःख सोसते; फसवणूक सोसत नाही.

शेवटी एक सूचना. पावसाळा सरला म्हणजे बांधावर, पायवाटेवर, कधी भर रस्त्यावरही सरडगुहिऱ्याची मादी जमिनीवर उतरलेली दिसते. पोट फुगलेले असते, चाल डुलत डुलत व अतिशय मंद असते. लोकांना वाटते, ही आजारी आहे. कोणी दयेने उचलून घरी आणतो, कोणी भयाने ठेचतो. ती आजारी नसते. अंडी घालण्यासाठी मऊ माती शोधीत ती झाडावरून उतरलेली असते. माती उकरून ती अंडी पुरते, खड्डा बुजविते व पुन्हा झुडपात निघून जाते. पिले पुढे कित्येक महिन्यांनी बाहेर पडतात. अशी मादी दिसली तर मुलांना चार पावले दूर उभे करून तिला पाहू द्यावे. रस्त्यावर असेल तर येणारी गाडी थांबवावी, आणि ती ज्या बाजूस निघाली असेल त्याच बाजूच्या कुंपणापर्यंत तिला जाऊ द्यावे.