आधी काड्या, मग सूत्र

परवा धामणकर नाक्यावर एक पालक भेटले. पॉवरलूमवर कामाला आहेत. म्हणाले, "सर, पोरगं अकरावी सायन्सला आहे. ते पॅराबोला की काय, त्याचं सूत्र पाठ आहे म्हणतो, पण गणित जरा फिरवून आलं की अडतो. क्लास लावू का?" मी म्हटलं, "दादा, आधी काडेपेटी आणा."

20 काड्यांचे आयत करा. लांबी 1 काडी तर रुंदी 9, क्षेत्रफळ 9. लांबी 2 केली की 16, मग 21, 24, 25. पुढे? पुन्हा 24, 21, 16, 9. हे पाचवीचं मूलही करतं. हेच आकडे आलेखावर मांडले की उलटा पॅराबोला, म्हणजे अन्वस्त, दिसतो. लांबी 5 ला त्याचा शिरोबिंदू.

आता बीजगणित. क्षेत्रफळ क्ष(10 − क्ष), म्हणजेच 25 − (क्ष − 5)². वर्ग कधीच ऋण नसतो, म्हणून 25 च्या वर जाता येत नाही. झालं! सूत्र लागलंच नाही.

वर्ग पूर्ण करायची ही युक्ती जुनीच. भास्कराचार्यांनी 'बीजगणित' ग्रंथात श्रीधराचार्यांचा असाच नियम दिलाय. आपण दहावीला ती शिकवतो, पण मुलं नुसत्या पायऱ्या घोकतात.

दोष फक्त वरच्या वर्गांचा नाही. मीही पूर्वी फळ्यावर 'लांबी गुणिले रुंदी' लिहून मोकळा व्हायचो. "सगळ्यात मोठा आयत कोणता आणि का?" हे विचारायचंच राहायचं. शिक्षक मित्रांनो, तो 'का' प्राथमिकलाच विचारूया. अकरावीत क्लास लावून तो मिळत नाही.