मुलांना ‘नको’ म्हणता येते काय?

दिल्लीतल्या मराठी घरांत मुलाच्या शब्दसंपत्तीचे प्रदर्शन हा एक सोहळाच होऊन बसला आहे. पाहुणा आला की चिरंजीवांना भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभे करावयाचे आणि हत्ती, ससा, अननस, जांभळा असा जप म्हणवून घ्यावयाचा. पाहुणा वाहवा करतो, आईबाप कृतार्थ होतात. मग पाहुण्याने लाडू पुढे केला की मूल म्हणते, ‘नाही.’ ते कोणालाच खटकत नाही. आमचा आक्षेप नेमका येथे आहे.

‘नाही’ हे वस्तुस्थितीचे कथन. ‘नको’ हे माणसाने माणसाला दिलेले उत्तर. तक्त्यावर ‘नको’चे चित्र काढता येत नाही, म्हणून तो शिकवायचा राहून जातो. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांची तीच गत. हिंदीचा ‘हम’ दोन्ही कामे करतो. मराठीत मात्र ‘आम्ही बागेत जाऊ’ म्हटले की ऐकणारी आजी घरीच राहिली. ‘आपण जाऊ’ म्हटले की तीही निघाली. नातवाच्या मनात माया असते, पण त्याचे वाक्य आजीला वगळून जाते. आत्या, मावशी, काकू, मामी या चौघी एका ‘आंटी’त बुडाल्या. कळ, मळमळ, ठणका, चुरचुर हे शब्द ज्याच्यापाशी नाहीत, ते मूल आजीला नुसते ‘दुखतंय’ म्हणून रडते. तिने उपाय तरी कशावर करावा?

कोणी विचारील, लक्ष्मीबाई नगरासारख्या सरकारी वसाहतीत, जेथे एकाच जिन्यावर चार प्रांत नांदतात, मुलांनी हिंदी बोलू नये काय? अवश्य बोलावी. दोन भाषा पेलणे मुलाला मुळीच जड नसते. परंतु हिंदी त्याला अंगणात आपोआप मिळते. मराठीला घराखेरीज दुसरा आसरा नाही.

मग शाळेवर खापर फोडले जाते. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने राज्यघटनेत ३५०क हा अनुच्छेद आला आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, अशी सोय करण्यास राज्यांना सांगितले गेले. त्यासाठी भांडावे, हे खरेच. पण कोणताही अनुच्छेद आमच्या पंगतीला येऊन मुलाशी बोलणार नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये, १९५४ नंतर प्रथमच, अखिल भारतीय साहित्य संमेलन दिल्लीत भरले. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन मुलाला म्हणालो, ‘चलो बेटा, सो जाओ.’ या ढोंगाला अभिमान म्हणावयाचे काय?

उपाय बिनखर्चाचा आहे. मूल ‘नाही’ म्हणाले तर रागवू नये, हसू तर मुळीच नये, ‘नको का? बरं, राहू दे’ असे बोलून योग्य शब्द त्याच्या कानी घालावा. दूरध्वनीवर आजीशी बोलताना मागून उत्तरे पुरवू नयेत. शेजारच्या मराठी बिऱ्हाडी त्याला निरोप देऊन धाडावे. निरोप सांगताना त्याला नाते, आदर, कारण आणि काळ ही चारही सांभाळावी लागतात. असे शिक्षण कोणत्याही तक्त्यात नाही.

हत्तीचे नाव मुलाला उद्याही कळेल. आजी मात्र उद्यापर्यंत थांबेलच, असे आम्ही कोणत्या भरवशावर धरून चाललो आहोत?