वासना आवरत नाही तेव्हा...

लैंगिक दुर्बलतेवरच्या औषधांच्या जाहिराती रेल्वेलगतच्या भिंतींवर ठळक अक्षरांत वाचायला मिळतात. उलट तक्रारीबद्दल मात्र चकार शब्द नसतो. वासना आवरतच नाही, नको नको म्हणताना मन तिकडेच धावते, हे सांगायला माणूस डॉक्टरांसमोरही कचरतो. सांगितलेच, तर ऐकणारा एक तर हसतो, नाही तर 'चारित्र्य नाही' म्हणून मोकळा होतो.

समजा, चाळिशीतला एक गृहस्थ आहे. नोकरी बरी, संसार नीटनेटका. पण रात्री घर झोपले की मोबाईलवर अश्लील चित्रफिती पाहता पाहता त्याला पहाटेचे तीन वाजतात. सकाळी तो शपथ घेतो, सगळे पुसून टाकतो आणि रात्री पुन्हा तेच. ऑफिसात डुलक्या लागतात, मुलाच्या फीसाठी ठेवलेले पैसे भलतीकडे जातात. आणि एवढे करून त्यात आता आनंदही उरलेला नसतो. अशाला लोक रंगेल म्हणतात. पण रंगेल माणूस निदान मजेत असतो, हा नसतो. स्त्रियांनाही हा त्रास होतो. त्यांना तर तो बोलून दाखवणे अधिकच अवघड.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणाला २०१९ मध्ये मान्यता मिळाली आणि १ जानेवारी २०२२ पासून ते अमलात आले. त्यात अनावर लैंगिक वर्तनाची नोंद मनोविकार म्हणून आहे. 'लैंगिक व्यसन' हा शब्द सर्रास वापरला जात असला, तरी संघटनेने त्याला व्यसनांत न घालता आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांत ठेवले आहे. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ ऊर्मी आवरत नाही, थांबण्याचे प्रयत्न वारंवार फसतात, तब्येत, काम व घर यांची हेळसांड होते, नुकसान दिसत असूनही वर्तन चालूच राहते, असे असेल तर तज्ज्ञ या निदानाचा विचार करतात.

याच वर्गीकरणातली एक गोष्ट आपल्याकडे विशेष महत्त्वाची. केवळ 'हे पाप आहे' या भावनेतून होणारा मनस्ताप म्हणजे हा विकार नव्हे. हस्तमैथुनाने शक्तिपात होतो या धास्तीने खंगणारा तरुण रोगी नसतो. त्याला योग्य माहिती हवी असते. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून अशी भीती घालवण्याची खटपट केली, पण ती अजून पुरती गेलेली नाही. जोडीदारापेक्षा इच्छा जास्त असणे हादेखील रोग नव्हे. प्रश्न किती वेळा हा नसून लगाम कुणाच्या हातात, हा आहे.

काही वेळा मूळ भलतीकडेच असते. आयुष्यभर सरळमार्गी राहिलेले आजोबा सत्तरीत एकाएकी विचित्र वागू लागतात आणि घरच्यांना तोंड दाखवायला जागा राहत नाही. त्यांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन असेल, तर औषधांची चिठ्ठी आधी पाहावी. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांनी काही रुग्णांत वासना अनावर होते. डॉक्टरांनी औषध बदलले की बहुधा हे ओसरते. मात्र गोळी परस्पर बंद करणे धोक्याचे. स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांतही असे घडते. झोप कमी, बडबड जास्त, पैशांची उधळपट्टी आणि सोबत हे वर्तन, असे दिसले तर उन्मादाचा आजार असू शकतो. एकटेपणा, चिंता किंवा उदासी विसरण्याची ही वाट होऊन बसते, हे तर नेहमीचेच.

उपचारांचा मुख्य भाग म्हणजे मानसोपचार. ऊर्मी केव्हा उसळते, त्याआधी मनात काय चाललेले असते, ती ओसरेपर्यंत काय करायचे, हे रुग्ण तज्ज्ञाबरोबर शिकतो. गरज पडल्यास नैराश्यावरची काही औषधे किंवा नाल्ट्रेक्सोन देतात. 'लग्न लावून द्या, सुधारेल' हा वडिलकीचा सल्ला मात्र कुणी ऐकू नये. त्यात एका निरपराध मुलीचा बळी जातो.

पत्नीला हे कळते तेव्हा ती पहिला दोष स्वतःला देते. आपण कमी पडलो, असे तिला वाटते. तसे नसते. नवऱ्याचे बाहेर संबंध असतील, तर दोघांनी एचआयव्ही व अन्य गुप्तरोगांची तपासणी करून घ्यावी. सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीची तपासणी मोफत होते. आजार आहे म्हणून तिने जबरदस्ती सोसावी, असेही नाही. छळ, बलात्कार किंवा मुलांशी गैरवर्तन यांवर निदानाचे पांघरूण घालता येत नाही.

मदतीसाठी मनोविकारतज्ज्ञ गाठावा. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. मोबाईल, इंटरनेटच्या अतिरेकासाठी बंगळूरच्या 'निम्हान्स'मध्ये २०१४ पासून वेगळी सेवा आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, काही अपवाद वगळता, रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

उपचार चालू असताना एखाद्या रात्री पाय घसरतोच. लाजेने पुढची भेट चुकवू नये. त्या दिवशी काय घडले होते, कुणाशी वाद झाला होता का, हे कागदावर टिपून सोबत न्यावे. डॉक्टर आधी तेच विचारतात.