सिमेंटची घरं वायू परत शोषतात, पण किती?

कोरपना : सिमेंटमुळे प्रदूषण होतं, हे आपल्या भागात नवीन नाही. गडचांदूर, उपरवाहीकडे कारखान्यांच्या चिमण्या रोजच दिसतात. आता मोबाईलवर दुसरी गोष्ट फिरते, की काँक्रीट हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषून घेतं, मग हिशेब बरोबर! यात खरं किती?

गोष्ट खोटी नाही, अर्धी आहे. चुनखडीचा दगड भट्टीत भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. जुन्या चुनाभट्टीत हेच व्हायचं. भिंतीला लावलेला चुना पुढे हवेतून तोच वायू परत घेतो, म्हणून तो कडक होतो. सिमेंटचंही तसंच. प्लास्टर पातळ, म्हणून लवकर शोषतं. स्लॅब, कॉलम जाड, तिथं पन्नास-पन्नास वर्षं लागतात.

२०१६ मध्ये 'नेचर जिओसायन्स'मध्ये एक अभ्यास आला. १९३० ते २०१३ या काळात सिमेंटसाठी दगड भाजताना जगभरात जेवढा वायू निघाला, त्याच्या सुमारे ४३ टक्के परत शोषला गेला, असा त्याचा अंदाज. पण यात भट्टीत जाळलेल्या कोळशाचा धूर धरलेला नाही.

आता एका बॅगचा हिशेब करू. ५० किलोच्या बॅगमागे साधारण ३० किलो वायू निघतो. त्यात दगडातला अंदाजे १८ किलो, बाकी इंधन आणि विजेचा. १८ चे ४३ टक्के म्हणजे ८ किलोच्या आसपास. म्हणजे ३० उधार घेतले आणि ८ फेडले, तेही कित्येक वर्षांत. २२ किलो हवेतच.

आणि कपाशीवर बसणारी धूळ? तिचा या शोषण्याशी काहीच संबंध नाही. ती कारखान्यातच अडवावी लागते.

शोषण्याची दुसरी बाजूही आहे. वायू आत गेला की काँक्रीटचा क्षार कमी होतो आणि लोखंडी गज गंजतो. मग स्लॅबचे पोपडे पडतात. घरकुल बांधणाऱ्यांनी मिस्त्रीला गजाखाली कव्हर ब्लॉक टाकायला लावा, निदान २० मिलिमीटर. राखमिश्रित सिमेंट असेल तर किमान १० दिवस पाणी मारा.

खरा उपाय भट्टीत कमी दगड भाजण्याचा. चंद्रपूरच्या वीज केंद्राची राख सिमेंटमध्ये मिसळली, की तेवढा भाजलेला दगड वाचतो. घर वायू शोषेल म्हणून कारखान्याला सूट देता येत नाही.