सातबाराला जात असते

मी समाजशास्त्रात पीएचडी करते. पीएम-किसानचा विषय काढला की सेमिनारमध्ये एक प्रश्न हमखास येतो: 'यात जात कुठे आली? पैसे थेट खात्यावर पडतात, जात कोण विचारतं?'

खरंय, जात कुणी विचारत नाही. सातबारा विचारतात. आणि या देशात सातबारा कुणाकडे आहे, हे जातीनेच ठरवलेलं आहे.

योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत. आधी ती दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी होती. त्याच वर्षी ती मर्यादा उठवली आणि वीस एकरवाला आत आला. बटाईने कसणारा आणि शेतमजूर मात्र बाहेरच राहिले. २०११ च्या जनगणनेनुसार शेतीत राबणाऱ्या दलितांपैकी सुमारे ७१ टक्के शेतमजूर आहेत. २०१५-१६ च्या कृषी गणनेत कसल्या जाणाऱ्या एकूण क्षेत्रात अनुसूचित जातींचा वाटा ९ टक्क्यांहून कमी आहे. लोकसंख्येतला वाटा १६.६ टक्के.

त्याहून बोलका नियम तारखेचा आहे. १ फेब्रुवारी २०१९ पर्यंत जमीन नावावर हवी. त्यानंतर नावावर झाली असेल, तर सूट फक्त वारसाहक्काला. म्हणजे बापाची जमीन मिळाली तर हप्ता सुरू; आयुष्यभर मजुरी करून एकरभर विकत घेतली तर नाही. जन्माने मिळालेलं मान्य, कष्टाने मिळवलेलं अमान्य. या व्यवस्थेला आपण दुसऱ्या कोणत्या नावाने ओळखतो, ते सांगायला नको.

'मग जमीन घ्यायची होती ना आधी!' कशी घेणार? पंजाबात १९०० च्या कायद्याने 'शेतकरी जमातीं'ची यादी केली आणि दलितांना त्या यादीबाहेर ठेवून जमीन खरेदीची वाटच बंद केली. महाराष्ट्रात महार वतनाच्या बदल्यात गावकी राबवून घेतली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. तरी आजही गायरान कसणाऱ्या कित्येकांच्या सातबारावर मालक म्हणून सरकारच आहे. कसणारा फार तर 'अतिक्रमणधारक'. अतिक्रमणधारकाला हप्ता मिळत नाही.

दुसरा युक्तिवाद असा की भूमिहीनांसाठी रोजगार हमी आहे. रोजगार हमीत आधी माती उपसावी लागते, मग मजुरी, तीही रखडत. पीएम-किसानमध्ये काहीच करावं लागत नाही, नुसती मालकी पुरते. आणि त्या योजनेच्या नावात 'सन्मान' आहे! राबणाऱ्याला दाम, मालकाला सन्मान.

भूमिहीनांना सामावून घेणं अशक्य आहे, हे तर मुळीच ऐकू नका. ओडिशाच्या 'कालिया' योजनेने बटाईदार आणि भूमिहीन कुटुंबं दोन्ही धरली होती. तेलंगणानेही २०२५ मध्ये भूमिहीन मजुरांसाठी वर्षाला १२,००० रुपयांची योजना आणली. इच्छा असली की यादी बनते.

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जातपात न पाहता कसायला देण्याची मागणी केली होती. आपण निदान एवढं तरी मागू: शेतकरी म्हणजे जो शेतात राबतो तो. बटाईदार, मजूर, गायरानधारक आणि त्यांच्या घरच्या बायाही.

आपल्यातले अनेकजण घरातले पहिले पदवीधर आहेत. लाभार्थ्यांची गावनिहाय यादी योजनेच्या पोर्टलवर बघता येते. आपल्या गावची काढा आणि आपल्या वस्तीतली किती नावं त्यात आहेत, ते मोजा. तो आकडा घेऊन ग्रामसभेत उभे राहा. 'जात कुठे आली' याचं उत्तर तिथेच द्यायचं आहे.