दुखण्याला नाव हवे

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते राष्ट्रीय सिकलसेल अ‍ॅनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. जनजातीबहुल भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७पर्यंत या व्याधीचे सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने निर्मूलन साधायचे, असा हा संकल्प आहे. तो स्वागतार्हच आहे. परंतु एवढ्या मोठ्या संकल्पाची सिद्धी ज्यावर अवलंबून आहे, ती गोष्ट मात्र अगदी साधी आहे. ती म्हणजे रुग्णालयातील केसपेपर, आणि त्यावर डॉक्टरांनी लिहिलेला शब्द.

सिकलसेल हा जंतूंमुळे होणारा रोग नव्हे. तो आईवडिलांकडून अपत्याकडे येतो. १९१० साली शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी एका तरुणाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहिल्या आणि त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग यांनी या व्याधीचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखविले. आपल्या देशात निलगिरीच्या जनजातींमध्ये तिचा शोध लागला तो १९५२ साली. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट या भागांतील अनेक कुटुंबांना तिची झळ पिढ्यान्‌पिढ्या सोसावी लागत आहे. ती केवळ वनवासी समाजापुरती मर्यादित नाही. विदर्भातील अनुसूचित जातींमध्ये व अन्य समाजघटकांमध्येही तिचे अस्तित्व आहे.

सातपुड्यातील एखाद्या पाड्यावरची मुलगी हातपाय ठणकतात म्हणून उपकेंद्रात येते. डोळे पिवळसर, हिमोग्लोबिन कमी. केसपेपरवर ‘रक्ताक्षय’ किंवा ‘अंगदुखी’ असे लिहिले जाते आणि लोहाच्या गोळ्या हाती पडतात. वस्तुतः तिच्या शरीरात रक्तपेशी वेळेआधीच फुटत असतात, विळ्यासारख्या झालेल्या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकून वेदना निर्माण करीत असतात. लोहाची कमतरता नसेल, तर त्या गोळ्यांनी तिचे दुखणे थांबणार नाही. तिला हवे असते ते फॉलिक आम्ल, संसर्गापासून संरक्षण आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालील हायड्रॉक्सीयुरिया. परंतु ज्या दुखण्याचे नावच लिहिले गेले नाही, त्यावर औषध कसे मिळणार?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत सिकलसेलसाठी डी ५७ हा स्वतंत्र संकेतांक आहे. वेदनेच्या तीव्र झटक्यासह व्याधी असेल तर डी ५७.०, झटका नसेल तर डी ५७.१, सिकलसेल व थॅलेसेमिया यांसारखे दोन दोष एकत्र आले असतील तर डी ५७.२, आणि केवळ वाहक असेल तर डी ५७.३. नुसते ‘रक्ताक्षय’ लिहिले की तीच नोंद डी ६४.९ या सर्वसमावेशक गाठोड्यात जाऊन पडते. संकेतांक देणारा कर्मचारी डॉक्टरांनी न लिहिलेले आपल्या मनाने लिहू शकत नाही, आणि लिहूही नये. म्हणूनच चूक आकडेमोडीच्या टेबलावर होत नाही, ती खाटेपाशीच होते.

वाहक आणि रुग्ण यांतील गल्लत तर आणखी घातक आहे. शिबिरात केली जाणारी विद्राव्यता चाचणी दोष आहे एवढेच सांगते, तो वाहकाचा की रुग्णाचा हे सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. ती न करता केसपेपरवर ‘सिकल पॉझिटिव्ह’ एवढेच लिहिले, तर निरोगी वाहक आयुष्यभर रोगी ठरतो आणि खऱ्या रुग्णाच्या वाट्याला उपेक्षा येते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ने सिकलसेल रोगाचा समावेश २१ दिव्यांगत्वांमध्ये केला. परंतु हा हक्क मागायला जाणाऱ्याच्या हाती निःसंदिग्ध निदानाचा कागद नसेल, तर कायदा पुस्तकातच राहतो.

जी उपेक्षा जिवंतपणी, तीच मृत्यूनंतरही. मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात तात्कालिक कारण आणि मूळ कारण अशा दोहोंना जागा असते. तेथे ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढेच लिहून सही केली, तर सिकलसेलने घेतलेला बळी सरकारदरबारी दिसतच नाही. हृदयक्रिया बंद पडणे हे प्रत्येकाच्याच मृत्यूचे वर्णन आहे, ते कारण नव्हे. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले मृत्यू सुमारे २२.५ टक्केच होते. दुर्गम पाड्यांवरील मृत्यूंची काय कथा! जे मोजले जात नाही त्यासाठी निधी मिळत नाही, औषधसाठा मिळत नाही, तज्ज्ञही मिळत नाहीत.

बाह्यरुग्ण विभागात शेकडोंची रांग असताना ग्रामीण डॉक्टरांकडून निबंधाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. चार गोष्टी मात्र लिहिल्याच पाहिजेत: दोषाचा नेमका प्रकार, तो कोणत्या तपासणीने ठरला, आज झटका आहे की नाही, आणि कोणती गुंतागुंत आहे. एवढ्याने संकेतांक अचूक पडेल, आणि तीच माहिती डिस्चार्ज कार्डावर आली तर पुढच्या गावच्या डॉक्टरांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. ऊसतोडीला वा वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांसाठी तर हा कागद म्हणजे जीवनरक्षकच आहे.

एक सावधगिरी समाजालाही बाळगावी लागेल. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गरोदरपणात अपत्य रोगी निघण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून विवाहापूर्वी तपासणी व समुपदेशन हवे. पण या नोंदीचा उपयोग मुलींना नाकारण्यासाठी किंवा एखाद्या जातिजमातीला हिणवण्यासाठी होता कामा नये. नोंदीची गोपनीयता राखणे हा रुग्णाच्या सन्मानाचा प्रश्न आहे. दोष रक्तातील एका रेणूचा आहे, कुळाचा नाही, हे गावोगावी सांगण्याचे काम शिक्षक, आशा कार्यकर्त्या आणि सेवाभावी संस्था यांनी अंगीकारले पाहिजे.

सात कोटी तपासण्यांचा आकडा पूर्ण होईलही. परंतु अभियानाचे यश त्या आकड्यात मोजून चालणार नाही. सातपुड्यातील त्या मुलीच्या केसपेपरवर ‘रक्ताक्षय’ या शब्दाऐवजी तिच्या व्याधीचे खरे नाव कधी लिहिले जाते, यातच त्याची कसोटी आहे. समाजाने आपल्या एका दुःखी घटकाची दखल घेतली, याची पहिली खूण तीच असेल.