साहेबाचा पगार, रुपयाचं रडगाणं

रुपया घसरला की आमच्या ऑफिसात दोन तट पडतात. ऑनसाईटवाले खूष, आणि ज्यांची भावंडं तिकडे शिकतायत ते हवालदिल. परवा कँटीनमध्ये एका मित्राने पिल्लू सोडलं, "इंग्रज सरकार निदान नोकरांना भरपाई तरी द्यायचं!" द्यायचं, खरंय. पण कुणाला, आणि कुणाच्या खिशातून?

तर मंडळी, १८७१ नंतर जर्मनी सोन्याच्या चलनाकडे वळली, मागोमाग इतर देशही, आणि आपला चांदीचा रुपया गडगडला. १८७० च्या सुमारास रुपयाला जवळपास २ शिलिंग मिळत. १८९३ पर्यंत सव्वा शिलिंग, म्हणजे १५ पेन्स. साहेबाचा पगार रुपयांत आणि बायकापोरं विलायतेत, त्यामुळे ओरड झाली. मग १८९३ साली सरकारने ठरवलं की जे युरोपीय नोकर इथले कायमचे रहिवासी नाहीत, त्यांचा निम्मा पगार (वर्षाला १,००० पौंडांपर्यंत) रुपयाला १८ पेन्स या लाडक्या दराने धरायचा. बाजारात असा दर नव्हताच. फरक तिजोरीतून.

आता जरा हिशोब करू. महिना २,००० रुपयेवाला साहेब घ्या. निम्मे १,०००, रुपयामागे ३ पेन्स फरक, म्हणजे ३,००० पेन्स. १५ ने भागा. महिना २०० रुपये भत्ता! पुढे दर १३ पेन्सच्या आसपास गेला तेव्हा हाच आकडा ३८५ च्या घरात.

आणि तिजोरी भरत कोण होतं? १८८६ च्या कायद्याने वर्षाला ५०० रुपये कमावणाऱ्यालाही प्राप्तिकर लागला. म्हणजे महिना ४२ रुपयांचा कारकूनसुद्धा त्यात आला. १८८८ साली मिठावरचा कर मणामागे २ वरून अडीच रुपये झाला. त्याला एक कारण हाच हुंडणावळीचा तोटा. मीठ काय, भिकारीही खातो.

"पण साहेबाचं नुकसान झालं होतं ना?" मित्राचा प्रश्न. झालं की, कागदावर. २,००० रुपयांचे २०० पौंड होत, ते १२५ वर आले. सदतीस टक्के गेले. पण त्याच वीस वर्षांत इंग्लंडात घाऊक भावही एक तृतीयांशाहून जास्त उतरले होते! १२५ पौंडांत पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त सामान येत होतं, हे अर्ज लिहिताना साहेब सोयीस्कर विसरला. शिवाय सिव्हिल सर्व्हंटचं पेन्शन पहिल्यापासून पौंडांतच, वर्षाला १,०००. त्याला रुपयाची झळ नाहीच.

फर्ग्युसनचे प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले १८९७ साली लंडनला वेल्बी कमिशनपुढे साक्षीला गेले, तेव्हा त्यांनी या भत्त्यावर नेमकं बोट ठेवलं. वय तीस. आमच्या टीमलीडएवढं.

मित्र म्हणाला, "म्हणजे ऑनसाईटवाल्याचं घरभाडं हाउसकीपिंगच्या पगारातून कापायचं?"

हो रे बाबा. वर ऑनसाईटवाल्यानेच ते मंजूर करायचं.